लंगड्या राजपुत्राचं वकीलपत्र

भांडायला माणसाला मोठं कारण लागत नाही. कुणाला नळाचं पाणी पुरतं, कुणाला जिन्यात काढलेल्या चपला. या गल्लीतल्या बाइंडिंगच्या दुकानात मात्र वर्षानुवर्षं एका राजपुत्रावरून भांडण चालायचं, आणि तो राजपुत्र मरून हजारो वर्षं होऊन गेली होती. मेलेल्या माणसावरून भांडायचा एक फायदा असतो, तो उठून साक्षीला येत नाही. या एका सोयीवर भाष्यकाराचं सगळं आयुष्य उभं होतं.

भाष्यकार हे त्याचं टोपणनाव. गल्लीनं ठेवलेलं, आणि ठेवताना गल्ली हसली होती. त्याला मात्र ती पदवी वाटली. तो दुकानात एका बुटक्या स्टुलावर बसून पुस्तकं शिवायचा. सुईत दोरा ओवायचा, फर्म्यांच्या, म्हणजे दुमडलेल्या छापील पानांच्या, घडीतून सुई आत घालायची, बाहेर काढायची, गाठ मारायची. हात कामात, तोंड मोकळं. मोकळं तोंड फार दिवस मोकळं राहत नाही, त्यात काहीतरी भरतंच. याच्या तोंडात जुनं हिब्रू शास्त्र भरलं.

ते आलं असं. कुणीतरी एक गिऱ्हाईक त्या शास्त्राचं जाडजूड भाषांतर बांधायला टाकून गेलं आणि परत फिरकलंच नाही. दादा म्हणाला, "दे रद्दीत." भाष्यकारानं ते स्वतःसाठी बांधलं, चांगल्या कापडात, कोपऱ्यांना चामडं लावून. फुकटचं पुस्तक आणि अधू पाय एकत्र आले की माणूस वाचणार नाही तर काय करणार?

दादा म्हणजे थोरला भाऊ. दुकान दादाचं, वरचं घर दादाचं, आणि खरं सांगायचं तर भाष्यकाराचा पायही दादाचाच. म्हणजे दादानंच केलेला. लहानपणी दादा त्याला खांद्यावर घेऊन जिन्यावरून धावत उतरला, ठेचकाळला, आणि दोघं खाली आले. दादा झटकून उभा राहिला. धाकट्याचा डावा पाय कायमचा वाकडा झाला. त्यांच्या आईनं दादाला मारलं नाही, ओरडलीही नाही. फक्त म्हणाली, "हा आता जन्मभर तुझ्या ताटाशेजारी जेवेल." त्यापेक्षा मारलं असतं तर बरं, असं दादाला पुढे कितीदा वाटलं असेल ते त्याचं तोच जाणे. पण शब्द पाळला. लग्न झालं, मुलं झाली, मुलं शिकून लांब गेली. दादाच्या ताटाशेजारचं ताट हललं नाही. रोज दुपारी आणि रात्री भाष्यकार कठड्याला धरून वर चढायचा, दादाच्या उजव्या हाताला बसायचा, आणि भाजीत मीठ कमी आहे असं वहिनीला सांगायचा.

असा माणूस शास्त्र उघडतो आणि त्याला काय सापडतं? एक लंगडा राजपुत्र, जो राजाच्या ताटाशेजारी जेवतो. भाष्यकाराला वाटलं, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याला बघून लिहून ठेवलंय.

गोष्ट तशी छोटी आहे. राजानं आपल्या मेलेल्या मित्राच्या लंगड्या मुलाला आसरा दिला, त्याच्या आजोबांची जमीन त्याला परत दिली, आणि ती कसायला एक नोकर लावून दिला. पुढे राजावर संकट आलं, राजधानी सोडून पळायची वेळ आली. वाटेत नोकर भेटला. गाढवांवर भाकऱ्या, मनुका आणि मद्य लादून आलेला. राजानं विचारलं, "तुझा मालक कुठाय?" नोकर म्हणाला, "तो मागंच राहिला. म्हणतो, आता आजोबांचं राज्य मला मिळणार." राजानं तिथल्या तिथं सगळी जमीन नोकराला देऊन टाकली. पुढे संकट टळलं, राजा परतला. तर लंगडा राजपुत्र समोर. राजा गेला त्या दिवसापासून पाय धुतलेले नाहीत, दाढी नीट केलेली नाही, कपडे बदललेले नाहीत. म्हणाला, "नोकरानं मला फसवलं. मला यायचं होतं." राजा म्हणाला, "पुरे झालं बोलणं. जमीन तुम्ही दोघं वाटून घ्या." आणि राजपुत्र म्हणाला, "सगळीच त्याला घेऊ दे. तुम्ही सुखरूप परत आलात, मला त्यात सगळं मिळालं."

बस. पुढे शास्त्र गप्प. राजा काय म्हणाला, जमीन कुणाला गेली, खरं कोण आणि खोटं कोण, काही नाही. आणि जिथं शास्त्र गप्प बसतं तिथं भाष्यकार बोलायला लागतो.

शनिवारी दुपारी दुकानाचं एक फळकूट लावून वाचनमंडळ बसायचं. मंडळ म्हणजे भाष्यकार, पोस्टाच्या बाई आणि समोरचा इस्त्रीवाला, जो चहासाठी यायचा आणि चहा झाला की पटलं म्हणून उठायचा. नियम भाष्यकारानं केलेला: गोष्टीतनं काय शिकायचं ते कुणी बोलायचं नाही. प्रत्येकानं गोष्टीतल्या एकाचं वकीलपत्र घ्यायचं आणि चहाचे कप उचलेपर्यंत त्याच्याच बाजूनं बोलायचं. लंगड्या राजपुत्राचं वकीलपत्र कायम भाष्यकाराकडे. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

नोकराचं वकीलपत्र पोस्टाच्या बाईंकडे. बाईंनी पोस्टाच्या खिडकीत बसून जन्मभर शिक्के मारले होते, आणि निवृत्त झाल्यावरही सवय गेली नव्हती. समोरच्याचं वाक्य पूर्ण झालं की त्यावर ठप्पकन काहीतरी मारायच्या.

"पाय न धुता बसला होता हो तो!" भाष्यकार सुई नाचवत म्हणायचा. "खोटारडा माणूस इतके दिवस घाणीत बसेल?"

"खोटारडाच बसेल. खऱ्याला कशाला आठवण राहील दाखवायची?"

"आणि म्हणाला ना, सगळंच त्याला घेऊ दे! हे वाक्य लोभी माणसाच्या तोंडून येईल?"

"ज्याला सगळं पाहिजे तोच म्हणतो, मला काही नको."

"तुम्हाला निष्ठा कळतच नाही, बाई. या वाक्यानंतर राजा रडला असणार. उठून गळ्यात पडला असणार. लिहिलं नाही इतकंच. काही गोष्टी लिहायच्या नसतात."

"न लिहिलेलं वाचायची विद्या बरी अवगत आहे तुम्हाला," बाई म्हणायच्या आणि कप खाली ठेवायच्या.

हे सगळं चालू असताना मागं कापायच्या मशीनवर होयबा उभा असायचा. होयबा म्हणजे दुकानाचा माणूस. पुठ्ठे कापायचा, खळ शिजवायचा, दुकानाची छोटी गाडी चालवायचा. कुणी काही म्हणालं की "होय बा." दादाला मालक म्हणायचा आणि भाष्यकाराला धाकटे मालक. धाकटे मालक ऐकलं की भाष्यकाराची मान अशी वर व्हायची की पुस्तक शिवताना टाका चुकायचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसा हा दादाच्या जिवावर मालक.

मग एक दिवस दादाच्या छातीत कळ आली.

दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन छाती उघडायची ठरली. दादाला गाडीत आडवा घातला, वहिनी उशाशी बसली, होयबा चाकावर. गाडी सुटता सुटता वहिनी काचेतून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बॅग भरून तयार राहा. हा आम्हाला पोचवून गाडी परत आणेल, मग तुम्हाला नेईल."

भाष्यकार बॅग भरून जिन्याच्या पायरीवर बसला. दुपार गेली, उन्हं उतरली, गाडी आली नाही. दिवेलागणीला होयबाचा फोन आला. "धाकटे मालक, गाडी इथंच लागतेय हो. औषधं एकीकडे, रक्त तपासायचं दुसरीकडे. बघतो उद्या."

आता होयबा खरं बोलला की नाही, हे भाष्यकारानं पुढे हजारदा ताडून पाहिलं. पण एक गोष्ट त्यानं कधीच ताडून पाहिली नाही. फोन ठेवल्यावर त्यानं सुस्कारा सोडला होता. हॉस्पिटलचे जिने, तो फिनेलचा वास, दादाच्या नाकातली नळी, हे सगळं आज टळलं म्हणून. बॅगेत उशी भरली होती, तिच्याशिवाय त्याला झोप येत नसे. ती काढायची म्हणून त्यानं बॅग उघडली आणि मग सगळीच रिकामी केली. छान झोपला. दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलंही नाही. एसटीनं गेला असता? गेला असता की. पाय अधू होता, तोडलेला नव्हता.

दुकानात दादाची खुर्ची बरोबर पंख्याखाली होती. रिकामी खुर्ची आणि फिरता पंखा, माणसानं किती सोसायचं? तो जाऊन बसला. तेवढ्यात शाळेचा कारकून वह्या बांधायला घेऊन आला. "दादा नाहीत? मग आता दुकान कुणी बघायचं?"

"मी आहे की," भाष्यकार खुर्चीत रेलून म्हणाला. "बरीच वर्षं वाट बघावी लागली, एवढंच."

विनोद होता तो. कारकूनही हसला. पण कारकून नेमका होयबाचा साडू निघाला, आणि विनोदाचं असं असतं की गाव ओलांडताना तो हसणं मागं ठेवून जातो.

हॉस्पिटलात होयबा दादाचे पाय चेपत होता. डबा आणत होता, चादर बदलत होता, वहिनीला डोळा लागला तर जागा राहत होता. हे सगळं त्यानं केलं, यात खोट नाही. आणि पाय चेपता चेपता त्यानं ते वाक्यही दादाच्या कानावर घातलं, यातही खोट नाही. फक्त हसून सांगायचं राहिलं.

वहिनीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बर्फासारखा होता. "भाऊजी, यांनी दुकानाच्या किल्ल्या होयबाला दिल्यात. दुकान आता त्याचं. तुम्ही खुर्चीत बसू नका म्हणावं, असं म्हणाले."

"पण वहिनी, मी..."

"इतके दिवस झाले. भाऊ जगला का मेला, बघायला आला नाहीत."

दुसरा कुणी असता तर हातपाय गळाले असते, धावत सुटला असता. भाष्यकारानं फोन ठेवला आणि त्याच्या अंगावर आनंदानं काटा आला. हो, आनंदानं. अधू पाय, ताटाशेजारचं ताट, पळून गेलेला राजा, चुगली करणारा नोकर! एक धागा इकडचा तिकडे नाही. तो दुकानामागच्या आपल्या खोलीत जाऊन आरशासमोर उभा राहिला, हातात वस्तरा घेतला, आणि हळूच खाली ठेवला.

पुढच्या शनिवारी पोस्टाच्या बाई आल्या त्या दारातच थबकल्या. नाकाला पदर लावला.

"काय हो, नळाला पाणी नाही का?"

"आहे."

"मग?"

"निष्ठा आहे, बाई. निष्ठा अशीच दिसते."

"दिसते कुठली, घमघमतेय." बाई लांबच्या बाकावर बसल्या. "एक विचारू? तुमचा राजपुत्र राजा गेला त्या दिवसापासून बसला होता ना पाय न धुता?"

"त्याच दिवसापासून!"

"आणि तुम्ही किल्ल्या गेल्या त्या दिवसापासून. मागच्या शनिवारी तुमची दाढी अशी गुळगुळीत होती की माशी घसरली असती. वर मला म्हणालात, बाई, या खुर्चीवर वारा काय मस्त लागतो."

इस्त्रीवाला चहात हसला आणि त्याला ठसका लागला.

"तुम्ही नोकराच्या वकील," भाष्यकार म्हणाला. "तुम्ही असंच बोलणार."

ज्याला सगळ्या शंकांची उत्तरं पाठ असतात त्याला शंका येत नाही, हा त्या पाठांतराचा दोष. दाढी वाढत गेली. पायांवर काळे थर चढले. शर्टाची कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी राहायला लागली. गल्लीतली पोरं नाक धरून पळायची आणि हा मनात म्हणायचा, पळा, लिहिलेलंच आहे हे.

दादा परत आला तेव्हा निम्मा उरला होता. त्याला वर नेऊन खिडकीशी खुर्चीत बसवलं. छातीवर उभी शिवण होती, एखाद्या नवशिक्यानं जाड दोऱ्यानं फर्मा शिवावा तशी. होयबा मागं उभा, हातात औषधांची पिशवी. भाष्यकार कठड्याला धरून वर चढला आणि दारात उभा राहिला. तो क्षण त्यानं इतकी वर्षं डोळ्यांसमोर पाहिला होता की त्याला तो थोडा जुनाच वाटला.

वहिनी किंचाळली. "थांबा तिथंच! आत येऊ नका! डॉक्टरांनी सांगितलंय, जखमेला काही लागलं तर जीवावर बेतेल. काय अवतार करून घेतलाय हा?"

तेव्हा राजाची भेट उंबऱ्याबाहेरून झाली.

दादानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "का नाही आलास रे?"

"दादा, मला यायचं होतं. बॅग भरून पायरीवर बसलो होतो. यानं गाडी आणली नाही. आणि वर तुला जाऊन माझ्याबद्दल भलतंसलतं सांगितलं. मी काय तुझ्यापुढे बोलणार? तुझ्या ताटाशेजारी जेवलेला माणूस मी. तुला योग्य वाटेल ते कर."

वाक्यं शास्त्रातली, जशीच्या तशी होती. बोलताना त्याचा आवाज छान भरून आला, आणि ते त्याला स्वतःलाही ऐकू आलं.

"मी होय म्हणालो होतो गाडीला," होयबा पुटपुटला. "पण तिथं..."

"पुरे," दादानं हात हलवला. हात वर जाईपर्यंत त्याला धाप लागली. "माझ्यात ताकद नाही न्यायनिवाड्याची. धाकट्या, दुकान तुम्ही दोघं अर्धं अर्धं घ्या. आणि दोघंही गप्प बसा."

वहिनीनं मान वळवली. होयबानं खाली पाहिलं. अर्धं दुकान! शहाण्यानं तिथंच पायरीवर बसून देवाचे आभार मानले असते. पण भाष्यकाराला पुढचं वाक्य येत होतं. पाठ झालेलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं की ते थांबवणं म्हणजे उतारावरची गाडी हातानं धरणं. शिवाय हेच तर ते वाक्य होतं. यानंतरच राजा रडतो. यानंतरच गळामिठी. लिहिलेलं नाही, इतकंच.

"सगळंच त्याला घेऊ दे, दादा," तो म्हणाला. "तू सुखरूप घरी आलास, मला त्यात सगळं मिळालं."

आणि तो थांबला. मान किंचित खाली, डोळे किंचित ओले, हात मिठीसाठी थोडेसे सुटे.

दादानं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हे खरं. कपाळावरची एक आठी, जी त्या जिन्यावरून पडल्यापासून तिथं होती, ती सुटली.

"बरं," दादा म्हणाला.

मग मान मागं टेकवली. "होयबा, ऐकलंस ना? सगळं तुझं. चला, मला पडू द्या."

भाष्यकार आणखी थोडा वेळ तिथंच उभा राहिला. पुढे काहीतरी असेल असं त्याला वाटत होतं. वहिनीनं दार लोटून घेतलं, अगदी हळू, जखमेला वारा लागू नये म्हणून.

ताटाचं काय झालं ते ऐका. पहिल्या दिवशी वहिनी म्हणाली, "भाऊजी, यांना लवकर जेवायला लागतं, अळणी लागतं. तुमचं खाली पाठवते." ताट झाकून खाली आलं. पुढे ताटाचा डबा झाला. पुढे डबा होयबा आणायला लागला, त्याला सवड झाली की. पुढे सवड होईनाशी झाली. दाढी केव्हाच उतरवली होती, पाय घासघासून धुतले होते. तो स्वच्छ होऊन जिन्याशी उभा राहायचा, आणि वरून कुणी हाक मारायचं नाही. दुकानामागची त्याची खोली होयबाला पुठ्ठे ठेवायला हवी होती. "ओल लागते हो पुठ्ठ्यांना," होयबा म्हणाला. माणसाला लागत नाही बहुधा. भाष्यकाराची वळकटी जिन्याखाली आली. तिथं झोपलं की डोक्यावर, वरच्या घरात, रोज दादाची नवी काठी वाजायची, टक टक टक, खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. ज्या जिन्यानं पाय घेतला, त्यानंच आता छप्पर दिलं. आईचा शब्द पाळायची दादावरची सक्ती संपली होती, आणि ती दुसऱ्या कुणी नाही, ह्यानंच एका वाक्यात संपवली होती.

शनिवारचं मंडळ मात्र होयबानं बंद पाडलं नाही. "बसा की," तो म्हणाला, "चार माणसं आली तर दुकानाला शोभाच." आता तो पंख्याखालच्या खुर्चीत बसायचा. आणि एका शनिवारी, त्या राजपुत्राच्या धड्याची पाळी आली तेव्हा, जिन्यावर काठी वाजली आणि दादा खाली आला. आल्यापासून पहिल्यांदा. होयबा उठला, खुर्ची दिली. भाष्यकारानं सुई पुठ्ठ्यात टोचून ठेवली. दादा मंडळात कधी बसला नव्हता.

वाचून झालं. भाष्यकारानं घसा खाकरला, तोच होयबा म्हणाला, "आज लंगड्याचं वकीलपत्र मी घेतो."

"तुम्ही?" पोस्टाच्या बाईंच्या भुवया चढल्या.

"का? नियमात बसत नाही का? घेईल त्याचं वकीलपत्र." होयबा शांतपणे बोलत होता. "मला काही येत नाही. यांचंच ऐकलेलं सांगतो, कापता कापता कानावर पडलेलं. तो राजपुत्र खरा माणूस होता. सगळंच त्याला घेऊ दे म्हणाला, ते मनापासून म्हणाला. लोभी माणसाच्या तोंडून ते वाक्य येणारच नाही. आणि मनापासून म्हणाला असेल, तर नोकरानं घेतलं त्यात नोकराचं काय चुकलं?"

इस्त्रीवाल्यानं कप खाली ठेवला. त्याला चहाशिवाय दुसऱ्या कशाची चव लागल्याची ती पहिलीच वेळ.

"मग नोकराचं वकीलपत्र कुणाकडे?" होयबानं विचारलं.

"मी आज कुणाचंच घेत नाही," बाई म्हणाल्या. "मला ऐकायचंय."

उरला भाष्यकार. नियम त्याचाच. तो बोलायला लागला, आधी अडखळत. राजपुत्र तितकासा खरा नव्हता, म्हणाला. त्याला जायचं होतंही आणि नव्हतंही. गाडी आली नाही, म्हणजे गाढव मिळालं नाही, तेव्हा त्याला आतून बरंच वाटलं असेल. पाय त्यानं दाखवायला तसे ठेवले असतील. आणि ते शेवटचं वाक्य... बोलता बोलता त्याचा आवाज चढला. "ते वाक्य त्यानं टाकलं, कारण त्याला वाटलं राजा विरघळेल! त्याला सगळं पाहिजे होतं. जमीन पाहिजे होती आणि राजाची मिठीही पाहिजे होती. त्याला काय माहीत राजा नुसतं बरं म्हणेल!"

"राजा बरं म्हणाला असं कुठं लिहिलंय?" बाई म्हणाल्या, पण नेहमीसारखा शिक्का बसला नाही. त्या दादाकडे पाहत होत्या.

दादा काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. "धाकट्या, मला तुमचं शास्त्र कळत नाही. सरळ सांग. तू त्या दिवशी म्हणालास, ते खोटं होतं का? खोटं असेल तर अर्धं दुकान तुझं. माझा शब्द तोच होता. आत्ता सांग, याच्यासमोर सांग. मला पुन्हा जिना उतरवणार नाही."

होयबाचं तोंड उतरलं. खरोखर उतरलं. त्यानं मागच्या खोलीकडे पाहिलं, जिथं त्याचे पुठ्ठे होते.

एक शब्द पुरे होता. हो, दादा, खोटं होतं. मला हवं होतं. खोली परत, अर्धं दुकान, कदाचित ताटही. किंमत एवढीच की राजपुत्र खोटा ठरणार, आणि इतक्या शनिवारांचा वकील पोस्टाच्या बाईंसमोर म्हणणार की अशील पहिल्यापासून चोर होता. आणि दादाला कळणार, की ज्याला जन्मभर शेजारी जेवू घातलं तो मरणाच्या दारात मिठी मोजून घ्यायला आला होता.

भाष्यकारानं दादाच्या कपाळाकडे पाहिलं. आठी परत येऊ घातली होती. ती बघून त्याला दया आली, का राग आला, का आपण अजूनही कुणीतरी आहोत असं वाटलं, हे सांगायला त्याच्यासारखाच दुसरा भाष्यकार लागेल.

"खरं होतं, दादा," तो म्हणाला. "मनापासून म्हणालो होतो. मला काही नको होतं."

"बरं," दादा म्हणाला. उठला. "मलाही तसंच वाटलं होतं." आणि काठी टेकत जेवायला वर गेला.

पोस्टाच्या बाईंनी पुस्तक मिटून त्याच्या मांडीवर ठेवलं. कोपऱ्याचं चामडं एकदा अंगठ्यानं दाबून पाहिलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पटलं हो मला तुमचं," त्या म्हणाल्या. "राजपुत्र खराच होता. मूर्ख होता, पण खरा."

भाष्यकार खटला जिंकला होता.

इस्त्रीवाल्यानं कप गोळा केले. होयबा पंखा बंद करून खुर्ची आत सरकवत होता. त्यानं किल्ल्यांचा जुडगा काढला आणि दाराशी जाऊन उभा राहिला, नेहमीसारखा, कुणी बाहेर पडायची वाट बघत.

"चला, उठा, भाष्यकार," तो म्हणाला. "दुकान बंद करायचंय."